सुलटी खाट

रिटायर झाल्यापासून मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राहते. घरामागे राईस मिल आहे. दिवसभर कोंडा उडतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो आणि मी दिवसभर त्या मिलवाल्याच्या नावाने ओरडते. लेक म्हणतो, आई, एवढं बोलायला तुझ्या अंगात जोर कुठून येतो? अरे बाप्पा, सगळी नोकरी बोलण्यावरच तर काढली मी! उपकेंद्रात औषध कधी असायचं, कधी नसायचं. नर्सबाईचं तोंड तेवढं बारा महिने चालू.

त्या नोकरीचा मधला मोठा तुकडा गडचिरोलीच्या आतल्या भागात गेला. जंगलातलं गाव. माझं उपकेंद्र म्हणजे कौलारू छपराच्या दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत दवाखाना. कौलं माकडं फोडायची, त्यामुळे पावसाळ्यात तपासणीचं टेबल कुठे सरकवायचं हे रोजच्या गळतीवर ठरायचं. गावातून जंगलाची पाऊलवाट निघायची ती नाल्यापर्यंत. नाला म्हणायचा, पण पावसाळ्यात नदीच ती. नाल्यापलीकडे रस्ता, रस्त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे डॉक्टर आणि एक जीप. आणि त्याच रस्त्याने पुढे खूप लांब गडचिरोलीचं मोठं हॉस्पिटल. पाणी चढलं की आम्ही अलीकडचे, आणि डॉक्टर, जीप, फोन, सगळं पलीकडचं. मधे फक्त डोंगा, एका लाकडात कोरलेला, आणि डोंगेवाल्याचा मूड.

आज सांगायला मजा वाटते. तेव्हा जीव जायचा.

गावात माझ्या घरासमोर एक म्हातारी राहायची. म्हणजे तेव्हा फार म्हातारी नव्हती, पण चेहऱ्यावर उन्हाने इतक्या रेघा काढल्या होत्या की मी तिला पहिल्या दिवसापासून आजीच म्हणायची. तिला मराठी तोडकी यायची, मला गोंडी त्याहून तोडकी. तरी आमचं भांडण कधी भाषेवाचून अडलं नाही. ती माझ्या अंगणात कोंबड्या सोडायची, मी ओरडायची, आणि ती ‘हिल्ले, हिल्ले’ करत हसायची. हिल्ले म्हणजे नाही. सगळ्यालाच तिचं हिल्ले. गोळी घेते का? हिल्ले. रक्त तपासू का? हिल्ले. संध्याकाळी मात्र पळसाच्या पानात मोहाची फुलं भाजून आणायची आणि माझ्या दारात ठेवून जायची, न बोलता.

तिची सून माझ्या लाडाची होती. शांत पोरगी. काही विचारलं की आधी खाली पाहायची, मग हसायची, उत्तर त्याच्या मागून यायचं. तिचं पहिलं बाळंतपण पावसाळ्यातच आलं होतं. कळा लागल्या, तरी ती चांगली चालत होती, म्हणून आम्ही तिला चालवतच नाल्याकडे नेलं. ती नाल्यापर्यंत पोचली, पाणी ओसरायची वाट पाहात काठावरच्या जांभळीखाली बसली, आणि तिथेच बाळंत झाली. मी सोबत होते. जे शिकवलं होतं ते सगळं केलं. लेकरू रडलं नाही. ते पाण्याच्या अलीकडे जन्मलं आणि अलीकडेच राहिलं. त्यानंतर म्हातारीने कितीतरी दिवस माझ्या अंगणात कोंबड्या सोडल्या नाहीत, आणि मला ते सुनं अंगण बघवायचं नाही.

दुसऱ्या वेळी पोरीला दिवस गेले तेव्हा मी ठरवलंच होतं, हिला नालासुद्धा दिसू द्यायचा नाही. पाणी चढायच्या आत पलीकडे तिच्या मावशीकडे पाठवायची. सगळं ठरलं. पण पाऊस लवकर लागला आणि रोवणी सुरू झाली. धानाची रोवणी म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. सगळं गाव बांधीत, शेताच्या चिखलात धानाची रोपं लावत. घरात फक्त कुत्री आणि मांजरी. पोरगी म्हणाली, एवढी रोवणी होऊ द्या बाई, मंग जातो. मी बोलायचं ते बोलले. पण रोवणीपुढे माझ्या तोंडाचं काय चालणार?

मग एका सकाळी ती स्वतःहून दवाखान्यात आली. म्हणाली, डोकं ठणकून राह्यलं, डोळ्यापुढं काजवे येऊन राह्यले. पाय बघते तर सुजून हे एवढे. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि पडलेलाच राहायचा. बीपीचा पट्टा बांधला. पारा जिथे जायला नको तिथे गेला. लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर नासलेल्या दुधासारखी फाटली. असल्या बाईला कधी झटके येतील सांगता येत नाही, आणि झटका आला की आई जाते आणि पोटातलंही. माझ्याजवळ होतं ते दिलं. पण खरं औषध पलीकडे होतं. आणि हिला एक पाऊलही चालवायचं नव्हतं.

मी बांधीकडे धावले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून ओरडले. गाव माझ्या ओरडण्याला सरावलेलं, पण त्या दिवशीचा आवाज त्यांना वेगळा लागला असावा. माणसं चिखलाच्या पायांनीच वर आली. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या पाण्यात तशाच टाकून आली. तिच्या नवऱ्याला मी पुढे पिटाळलं, नाल्यावर जाऊन डोंगेवाल्याला धर आणि पलीकडे जीप बोलाव म्हणून. बाकीच्यांना म्हटलं, खाट काढा, बांबू काढा.

आमच्या भागात दुखणेकऱ्याला कसं न्यायचं ते सांगते. बाज, म्हणजे सुंभाची खाट, उलटी करायची. चारही पाय आभाळाकडे. पायांना दोर बांधायचे, दोरात लांब बांबू ओवायचा, आणि पुढे एक, मागे एक खांदा देऊन चालायचं. बारीक पाऊलवाटेवर ही कावड झकास जाते. दुसऱ्या गावांत मी किती बायाबापड्या अशा नेल्या. या गावात मात्र कधी वेळ आली नव्हती.

पोरांनी म्हातारीच्या अंगणातली खाट उलटी केली. म्हातारी आतून आली, तिने खाट पाहिली, दोन्ही हातांनी धरली, धाडकन सुलटी केली आणि तिच्यावर बसली.

"आजी, ऊठ!"

"हिल्ले."

"अवो, घाई हाय मले! ऊठ ना माय!"

"उलटी नाई नेऊ देत," ती म्हणाली. "आमच्या गावात खाट उलटी एकदाच होते. मानूस मेला की त्याले खाटेवर नेतात. मातीत देतात. मंग खाट तिथीच उलटी करून येतात. ते खाट वापस नाई येत."

मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. जंगलातले वाघसुद्धा लाजले असतील. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती, पण खाट सोडेना. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हाताची पकड मात्र तशीच. तिला सून नको होती का? तसं नव्हतं हो. तिला सून परत हवी होती. एक नातवंड चालत नेलं ते गेलं, आता सुनेला उलट्या खाटेवर घातली तर ती येणारच नाही, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. गावचा मुख्या, बाकीची माणसं, कोणीच खाटेला हात लावेना. तेही त्याच रीतीतले. मला रडूच फुटलं. एका बाजूला ती सुजलेली पोर, एका बाजूला ही खाटेला चिकटलेली बाई, आणि मी मधे नुसती हात हलवत.

तेव्हा समोरच्या दवाखान्याच्या दारातून पोरगी बोलली. डोकं धरून भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले.

"सुलटी न्या ना," ती म्हणाली.

एवढंच. मी म्हटलं, सुलटी कशी न्यायची? सुलट्या खाटेला बांबू लागत नाही. तिला चार बाजूंना चार खांदे पाहिजेत, आणि पाऊलवाटेवर दोन माणसं जोडीने मावत नाहीत. दोन्ही अंगांना झुडपं, वेली, काटे.

मुख्याने घरात जाऊन कुऱ्हाड आणली. "वाट रुंद करू," म्हणाला. "पुढचे तोडत जातीन, मागचे नेत जातीन."

बघता बघता सगळ्या घरांतून कुऱ्हाडी, कोयते निघाले. म्हातारी खाटेवरून उठली. तिने स्वतः सुनेला निजवलं, डोक्याखाली लुगड्याची घडी दिली आणि एकदा वाकून खाटेखाली पाहिलं. चारही पाय खाली होते. मग चार जणांनी खांदे लावले आणि आम्ही निघालो.

अशी वरात मी जन्मात पाहिली नाही. पुढे ठकाठक कुऱ्हाडी चालल्या, मधे खाट, मागे बाया, आणि मी खाटेला चिकटून, पोरीचं मनगट धरून. पावसाची भुरभुर होती. खांदे बदलायचे, पण खाट खाली टेकवायची नाही. कुडा पडत होता, पळस पडत होता, करवंदीच्या जाळ्या ओढून बाजूला होत होत्या. कोणी आरडत नव्हतं. मीसुद्धा नाही.

अर्ध्या वाटेवर जंगलाचा नाकेदार भेटला. कुऱ्हाडींचा आवाज ऐकून सायकल टाकून धावत आला होता बिचारा. फॉरेस्टच्या जागेत भरदिवसा अख्खं गाव झाडं पाडत निघालेलं पाहून त्याचा आ वासला. "हे काय करून राह्यले तुमी? केस होईल, केस!"

"करा केस," मी म्हटलं. "पहिलं नाव माझं घाला. पण बाजूला व्हा."

त्याने खाटेकडे पाहिलं. पोरीचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. त्याने टोपी नीट केली, सगळ्यांच्या पुढे गेला आणि काठीने दाखवत चालू लागला. "हा कुडा, तोडा. हा भेरा, तोडा. हा साग हाय, सागाले हात नाई लावायचा, इकडून वळा." नोकरी त्यालाही होती. म्हणून आमची वाट सागापाशी वळायची, पुन्हा सरळ व्हायची, पुन्हा दुसऱ्या सागापाशी वळायची. मी मनात त्याला शिव्याही घालत होते आणि त्याचे पाय धरावे असंही वाटत होतं.

नाल्यावर पोरीच्या नवऱ्याने डोंगेवाल्याला धरून ठेवला होता. आता डोंग्यात खाट मावेना. म्हातारी लगेच खाटेच्या पायांकडे आली, कोणी उलटी करू नये म्हणून. डोंगेवाला एरवी मूडचा, पण त्या दिवशी हुशार निघाला. त्याने भावाचा डोंगा आणून आपल्या डोंग्याला बांधला. खाटेचे दोन पाय एका डोंग्यात, दोन पाय दुसऱ्यात. पाणी लाल, गढूळ, ओढ अशी की बघवेना. त्या जांभळीखालून निघताना पोरीने डोळे उघडले आणि झाडाकडे पाहिलं. मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवून धरला. कसे पार झालो ते मला आठवत नाही, कारण माझेच डोळे मिटले होते.

पलीकडे जीप उभी. ड्रायव्हर म्हणाला, पेशंटला मागच्या बाकावर घ्या, खाट राहू द्या. म्हातारी म्हणाली, खाट सोबत येईल. तो म्हणाला, बरं, टपावर टाकतो, आणि सवयीने उलटी टाकायला गेला. अगोबाई, काय ओरडली ती! माझ्यावर ताण. शेवटी टपावर खाट सुलटी बांधली, चारही पाय जीपच्या दोन्ही अंगांना लोंबत. अशी ती जीप आरोग्य केंद्रावर पोचली. डॉक्टरसाहेब पायरीवरच उभे होते. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोरीचा श्वास, नाडी, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, सगळं पाहिलं आणि त्याच जीपने आम्हाला गडचिरोलीला काढलं. खाटेसकट.

मोठ्या हॉस्पिटलच्या भिंतीला ती खाट उभी होती. म्हणजे चार पायांवर, नीट. म्हातारी तिच्यावर बसत नव्हती. खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली. नर्सिंगच्या पोरी यायच्या, म्हणायच्या, आजी, बसा की वर. ती हसून हिल्ले म्हणायची. पोरगी झाली तेव्हा मला आतून बोलावलं. इवलीशी, जन्मतःच कपाळाला आठी घातलेली पोरगी, आणि रडणं असं खणखणीत की माझ्या जिवात जीव आला. मी ती बातमी बाहेर घेऊन आले आणि म्हातारीला सांगितली. ती उठली, खाटेचा सुंभ ओढून ताणून घट्ट केला, आणि मग माझ्या गळ्यात पडली. मोहाच्या फुलांचा वास येत होता तिच्या लुगड्याला.

हॉस्पिटलातून सुट्टी झाली तेव्हा जीपने नाल्यापर्यंत सोडलं. पाणी उतरलं होतं. पोरगी बरी होती, चालू शकत होती. पण म्हातारी म्हणाली, गेली तशी येईल. अख्खं गाव नाल्यावर हजर. खाट चार खांद्यांवर, वर पोरगी पाय दुमडून बसलेली, मांडीवर लेकरू, आणि सगळ्या गावाने पाडलेल्या त्या रुंद वाटेवरून ती परत आली. बांधीत सोडलेल्या पेंढ्या शेजारच्या गावच्या बायांनी रोवून टाकल्या होत्या.

त्या वाटेने मग बैलबंड्या जायला लागल्या. मग कधीतरी मुरूम पडला, मग गिट्टी. माझी बदली झाली, मग पुन्हा झाली, मग मी रिटायर होऊन मूलला आले. इथे दवाखाने रांगेने आहेत, औषधाची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर. चांगलंच आहे. पण खरं सांगू? मला त्या गळक्या खोल्यांची भल्ली आठवण येते. नाला पुन्हा यावा असं थोडंच वाटतं? मुळीच नाही. पण एका माणसासाठी एवढी माणसं चिखलातून वर येताना मी पाहिली आहेत, आणि ते पाहिलेलं माणूस मिलच्या कोंड्यात गप्प कसं बसेल?

यंदा त्या गावच्या नव्या नर्सबाईचा फोन आला. म्हणाली, तुमची आजी तुमाले बलावून राह्यली, येऊन जा. गेले. एसटीने आरोग्य केंद्रापर्यंत, तिथून तिच्या स्कूटीवर मागे बसून. नाल्यावर पूल झालाय. डांबरी रस्ता झालाय. नर्सबाई स्कूटी भरधाव हाणत होती आणि मधेच ब्रेक मारत होती.

"पाहा ना मॅडम, सरळ जागेत असे वळणं कायले ठेवले असतील? इंजिनिअर बेकार."

मला हसू आवरेना. तिला वाटलं मी घाबरले.

म्हातारी आता खरीखुरी म्हातारी झाली आहे. कमरेत पार वाकलेली. सून, तीच शांत पोरगी, केस पिकायला लागलेली, दारात उभी राहून आधी खाली पाहून मग हसली. अंगणात तीच खाट, सुंभ नवा. आणि खाटेवर ती कपाळाला आठी घालून जन्मलेली पोरगी, भरल्या दिवसांची. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली. सकाळपासून थोड्या थोड्या कळा होत्या. नव्या नर्सबाईने तपासलं, तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि रुग्णवाहिका बोलावली. मी सवयीने ओरडायला तोंड उघडलं, तर ओरडायला काही शिल्लकच नव्हतं. चहा संपायच्या आत गाडी अंगणात.

ड्रायव्हरने मागचं दार उघडून स्ट्रेचर ओढलं. त्याची चाकं खटकन खाली उतरली. पोरगी त्याच्याकडे निघाली.

"थांब," म्हातारी म्हणाली.

ती काठी टेकत पुढे आली. स्ट्रेचरजवळ जाऊन खाली वाकली, अगदी जमिनीजवळ. खाली डोकावून पाहिलं. एकेक चाक हाताने चाचपलं.

"आजी, काय पाहून राह्यली वो?" ड्रायव्हर म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

"पाय पाहून राह्यली," ती म्हणाली. मग काठीवर जोर देऊन हळूहळू उभी राहिली. "खालीच हायत. ने."

पोरीला निजवलं. तिची आई, जिला आम्ही खांद्यावरून नेलं होतं ती, गाडीत तिच्या उशाशी चढली. ड्रायव्हर काही न कळून माझ्याकडे पाहात होता. माझे डोळे वाहत होते आणि मला ते पुसायचेही नव्हते.

"भाऊ," मी म्हटलं, "आजीनं पास केली तुमची गाडी. आता पळवा. वळणावर तेवढी हळू घ्या, तिथं आमचे साग होते."